बी विंगमधली गळती : एक राहून गेलेली दुरुस्ती

संपादक मंडळाने मला ‘सोसायटीच्या दुरुस्त्यांचा इतिहास’ लिहायला सांगितलं. पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दोनदा झालेलं रंगकाम, हे सगळं वार्षिक अहवालांत आहे. ज्यांना हवं त्यांनी ऑफिसात येऊन बघावं. मी एकाच गळतीबद्दल लिहिणार आहे. तिच्याबद्दल अहवालात जे छापलंय ते चूक आहे, आणि चूक माझी आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल. बी विंग, दुसरा मजला, आमच्या पॅसेजचं छत. पिवळे डाग पडले, पीओपीचे पापुद्रे सुटले, खाली बादली आली. डागाच्या बरोबर वर काकांच्या बाथरूमची भिंत. मग काय, निकाल तयारच! मी कमिटीला पत्र दिलं. काकांनी स्वतःच्या खर्चाने लाद्या उखडून बाथरूम नव्याने करून घेतलं. गळती थांबली आणि अहवालात ‘बी विंगमधील गळतीचे निवारण’ अशी ओळ आली.

तेव्हा डिसेंबर होता. जूनमध्ये बादली परत आली.

मी परत पत्र दिलं. प्लंबरने वर बाथरूममध्ये रंगीत पाणी तुंबवून ठेवलं. खाली थेंबही रंगीत पडला नाही. “रंग स्लॅबने शोषला असेल,” असं सभेत उभं राहून मीच सांगितलं. “पाणी आमचं नाही,” एवढंच काका म्हणाले. आमचं रोज सकाळचं फिरणं बंद झालं. पुढच्या वर्षी फ्लॅट विकून ते पुण्याला गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आमचा एसी बिघडला. मेकॅनिकने फॉल्स सीलिंगचा तुकडा कापून टॉर्च मारला. तांब्याच्या नळीवरचं काळं रबरी आवरण जोडाजवळ फाटलं होतं. वीतभर तांबं उघडं, आणि त्यावरून टपटप पाणी. पाणी आमचंच होतं. खरं तर कुणाचंच नव्हतं, हवेतलं होतं.

माठाचं पाणी आतून झिरपतं. फ्रिजमधल्या बाटलीवरचं पाणी बाहेरच्या हवेतून येतं. तिथेच माझी गफलत झाली. ओल दिसली की आपण गळकी नळी शोधतो. पावसाळ्यात हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर साधारण 26 अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक गोष्टीवर दव धरतं. एसीची नळी तर 5-10 अंशांवर असते. डिसेंबरात हवा कोरडी, शिवाय एसी बंद. म्हणून तेव्हा ‘निवारण’ झालं.

मग मी या विषयावर वाचायला लागलो, आणि गंमत कळली. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढायची योजना आखली. म्हणजे एसीचा जन्मच दव पाडण्यासाठी झाला! ते कुठे पडू द्यायचं, एवढाच प्रश्न.

थंडी झाकून ठेवायची विद्या त्याहून जुनी. 1833 साली ‘टस्कनी’ जहाज बोस्टनहून सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघालं, चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. त्या काळी बर्फाच्या व्यापारात आवरण म्हणून लाकडाचा भुसा वापरत. पुढे मुंबईत फोर्टातही बर्फघर झालं. ते आता नाही. मद्रासचं 1842 चं मात्र अजून समुद्रकाठी उभं आहे. 1897 साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते.

पण भुसा ओला झाला की त्याचं काम संपलं. नंतर बुचाच्या लाकडाची आवरणं आली, मग हे काळं फोमचं रबर. त्यात हवेचे कप्पे सुटे, बंद असतात, त्यामुळे दमट हवा नळीपर्यंत पोचत नाही. मात्र जोड नीट चिकटवलेला हवा. एक भेग राहिली तरी हवा आत शिरते आणि आवरणाखाली पाणी साचतं. आपल्या साध्या स्प्लिट एसीत जाड आणि बारीक दोन्ही नळ्या थंड असतात. दोघींना वेगवेगळं आवरण लागतं. आमच्याकडे बारीक नळी उघडीच होती, नुसती टेप गुंडाळलेली. छत बंद करून घेताना मी समोर उभा होतो, लक्ष सगळं दिव्यांच्या जागांकडे.

आता फ्लॅटमधल्या कामाच्या परवानगी अर्जात माझ्या आग्रहावरून एक ओळ घातली आहे : छत बंद करण्यापूर्वी एसीच्या नळ्या कमिटीला दाखवाव्यात. अहवालातली ती ओळ दुरुस्त करावी, असंही पत्र दिलंय. या विषयावरचं माझं तिसरं पत्र.

काकांचा पुण्याचा पत्ता ऑफिसात आहे. माजी सभासदांना स्मरणिका पोस्टाने जाणार आहे. त्यांची प्रत तेवढी मी मागून घेतली आहे. रविवारी स्वतः घेऊन जातोय.