अपवादाने नियम सिद्ध होतो : एका म्हणीवर भाष्य

मूळ : 'दि एक्सेप्शन प्रूव्ज द रूल.' मराठीतही ही म्हण रुळली आहे : अपवादाने नियम सिद्ध होतो.

आधी रूढ अर्थ पाहा. 'सगळे पुढारी भ्रष्ट' म्हणणाऱ्याला एखादा सचोटीचा पुढारी दाखवला, की तो ही म्हण पुढे करतो. म्हणजे उलट पुरावा मिळाला की विधान आणखी पक्के! असे असेल तर कोणतेच विधान कधी खोटे ठरणार नाही. इतके पोकळ वचन कायदेपंडितांनी जपले नसते. म्हणून हा अर्थ सोडून मुळाकडे जाऊ.

'एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नोन एक्सेप्तिस.' हे लॅटिन न्यायसूत्र. इंग्रजी म्हणीत याचा पूर्वार्धच उरला. गळालेल्या उत्तरार्धाचा अर्थ : जी प्रकरणे वगळलेली नाहीत, त्यांच्यापुरता.

'एक्सेप्तिओ' म्हणजे वगळणे. ज्याला अधिकार आहे त्याने मुद्दाम दिलेली सूट. भ्रष्टांत न बसणाऱ्या त्या पुढाऱ्याला कोणी सूट दिलेली नाही, तो नुसता आढळला. म्हणून तो या सूत्रातला अपवादच नव्हे. उलट एखाद्या फाटकावरची पाटी घे : 'रविवारी येथे वाहने उभी करण्यास परवानगी.' इतर वारी मनाई, असे तिच्यावर लिहिलेले नाही. तरी सोमवारी तू तिथे गाडी लावणार नाहीस. याचा अर्थ, न लिहिलेला नियम तू सुटीवरूनच वाचलास. आपल्या मीमांसकांची परिसंख्या याच चालीची : पाच नखांच्या अमुक पाच प्राण्यांचे मांस खावे, म्हणजे बाकीच्या पाचनख्यांचे खाऊ नये.

'प्रोबात' यावर वाद आहे. काही जण 'कसोटी पाहतो' असा अर्थ घेतात. अपवाद नियमाची परीक्षा घेतो, असे त्यांचे म्हणणे. जुन्या इंग्रजीत 'प्रूव्ह'ला तो अर्थ होता आणि लॅटिन धातूलाही आहे, म्हणून हा पक्ष एकदम झटकू नये. पण दोन अडचणी आहेत. परीक्षाच घ्यायची, तर 'न वगळलेल्या प्रकरणांत' ही मर्यादा कशासाठी? शिवाय याच सूत्राच्या दुसऱ्या पाठात 'फिर्मात' आहे, म्हणजे 'दृढ करतो'. तिथे परीक्षेला जागाच नाही. मला 'प्रस्थापित करतो' हाच अर्थ ग्राह्य वाटतो.

वगळण्यावरून नियम काढण्याच्या या युक्तिवादाचे उगमस्थान म्हणून रोमन वक्ता सिसेरो याचे इ.स.पू. ५६ मधले बाल्बसच्या बचावाचे भाषण दाखवतात. बाल्बस गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिसचा. रोमन सेनापती पाँपेने त्याला रोमचे नागरिकत्व दिले होते, ते बेकायदा असल्याचा आरोप होता. केनोमानी, इन्सुब्रेस, हेल्वेती या टोळ्यांशी रोमने केलेल्या तहांत कलम होते : यांच्यापैकी कोणाला नागरिक करून घेऊ नये. सिसेरोने तेच कलम उचलले. तिथे वगळावे लागले, म्हणजे जिथे वगळलेले नाही तिथे मोकळीक आहे; आणि गादेसच्या तहात असे कलम नाही. इथे दिशा पाटीच्या उलट आहे, हे ध्यानात घे : पाटीवर सूट परवानगीची आणि नियम मनाईचा, तहात सूट मनाईची आणि नियम परवानगीचा. सूत्र दोन्हीकडे तेच चालते. बाल्बस सुटला, आणि इ.स.पू. ४० मध्ये रोमचा कॉन्सल झाला.