कमी खर्चात ट्रॅकसाठी ब्रेक : सुरुवात ब्रेक ऑइलपासून

धरमतर खाडीच्या पुलावरून शनिवार-रविवारी अलिबागकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत रुंद टायरची, जमिनीलगत बसवलेली एखादी गाडी हमखास दिसते. तिचा वेग आजमावायचा कोठे, हा मात्र प्रश्नच असतो. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे पेण, रोहा परिसरातील हौशी मोटारमालकाला पूर्ण लांबीच्या ट्रॅकसाठी दूरवर जावे लागते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून आहे. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. शुल्क भरून स्वतःची गाडी अशा ट्रॅकवर मनसोक्त पळविण्याचा दिवस म्हणजे ‘ट्रॅक डे’.

गाडी ट्रेलरवरून नेणे बहुतेकांना परवडत नाही. ती चालवतच न्यायची, दिवसभर ट्रॅकवर दामटायची आणि बाराशेहून अधिक किलोमीटर परत आणून बोरघाट उतरवायची. कमी खर्चात ब्रेक सुधारताना हा परतीचा प्रवास विसरून चालत नाही. ट्रॅकवर उत्तम ठरणारे ब्रेक सकाळच्या गारव्यात, पावसात किंवा सिग्नलपाशी निकामी ठरू शकतात.

उदाहरणासाठी चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत तयार झालेली फोक्सवॅगन पोलो घेऊ. २०१० पासून याच गाडीच्या शर्यतींची ‘पोलो कप’ मालिका भारतात झाली आणि रस्त्यावरची पोलोही हौशी चालकांची आवडती ठरली. जीटीआय ही महागडी आवृत्ती वगळता तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. चालकासह वजन बाराशे किलो धरले आणि ताशी १५० किलोमीटरवरून वेग ७० वर आणला, तर एका दमात सुमारे आठशे किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तेवढ्या उष्णतेत पावणेतीन लिटर पाण्याला उकळी येईल. यातील सुमारे सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो. डिस्क सहा किलोची असेल, तर तिचे तापमान एका ब्रेकमध्ये शंभर अंशांच्या आसपास वाढते आणि ती निवण्यापूर्वीच पुढचे वळण येते.

घाटाशी तुलना केली म्हणजे हा आकडा नीट उमगतो. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. त्यातून निर्माण होणारी सगळी ऊर्जा ब्रेकनेच शोषली असे मानले, तरी ती वर सांगितलेल्या सात ब्रेकइतकीच भरते. ट्रॅकवर दोन फेऱ्यांतच हा हिशेब पुरा होतो. शिवाय घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन बराच भार उचलते. ट्रॅकवर ती मदत नगण्य.

उष्णतेने ब्रेक दोन प्रकारे दगा देतात. पेडल कडक राहते, पण गाडी थांबत नाही. अशा वेळी पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापलेला असतो. पेडल मऊ पडून थेट तळाला जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून नळीत वाफ झालेली असते. दुसरा प्रकार अधिक भयंकर, आणि टाळायला मात्र सर्वांत स्वस्त.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत घसरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. कोकणातला एक पावसाळा काढलेले ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरणे म्हणजे धोक्याला आमंत्रण. ते पूर्ण बदलून चारही चाकांची हवा काढून घ्यावी. नाव सारखे असले तरी सिलिकॉनचे डॉट ५ मात्र त्यात कदापि घालू नये. ते या ऑइलमध्ये मिसळत नाही.

खाडीकाठच्या गाडीची आणखी एक तपासणी करावी लागते. खाऱ्या हवेने कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकतात. मग एकच पॅड झिजतो आणि डिस्क एका बाजूने तापते. पिना साफ करून उष्णता सोसणारे ग्रीस लावणे, मागच्या ड्रममधील धूळ काढून लायनर जुळवणे, ही कामे कोणताही जाणता मेकॅनिक करतो. नवे काही विकत घेण्याआधी ती उरकावीत.

यानंतर पॅड. अस्सल शर्यतीचे पॅड तापल्यावरच पकड घेतात. थंड असताना रस्त्यावर धोकादायक ठरतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे चालणारे मधल्या प्रतीचे पॅड घ्यावेत, किंवा ट्रॅकवर पोहोचल्यावर पॅड बदलावेत. निम्म्याहून अधिक झिजलेला पॅड ट्रॅकवर नेऊ नये. त्याच्यामागून उष्णता थेट ऑइलपर्यंत पोहोचते. नवे पॅड मध्यम वेगावरून वारंवार ब्रेक लावून आणि मध्ये निवू देऊन आधी बसवून घ्यावे लागतात.

डिस्क साधीच पुरते, फक्त तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती जाड हवी. भोके पाडलेली डिस्क देखणी दिसते. ट्रॅकच्या उष्णतेत तडे त्या भोकांपाशीच जातात. पोलादी जाळीच्या नळ्यांनी पेडल घट्ट लागते, पण थांबण्याचे अंतर कमी होत नाही. ऑइलचा खर्च शेकड्यांत, पॅडचा हजारांत आणि मोठ्या कॅलिपरच्या संचाचा अनेकदा लाखांत जातो. त्या संचासाठी मोठी चाकेही लागू शकतात आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडण्याची भीती असते. चाक लॉक होण्याइतकी ताकद मूळ ब्रेकमध्येही असते. पुढची मर्यादा टायरची. पैसे उरलेच, तर बंपरमधून डिस्कपर्यंत हवा नेणारी नळी बसवावी.

ट्रॅकवर पाच-सहा जोरदार फेऱ्यांनंतर एक फेरी संथ घ्यावी. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसते, हेही शुल्क भरण्यापूर्वी तपासावे.

पॅड बदलले असतील, तर काढताना प्रत्येकावर चाकाची बाजू आणि आतला-बाहेरचा असे लिहून ठेवावे, म्हणजे घरी निघण्यापूर्वी ते पूर्वीच्याच जागी बसवता येतात. पेडल किंचितही मऊ लागत असेल, तर तिथेच पुन्हा हवा काढून घ्यावी. परतीच्या वाटेवर बोरघाट आहे.