मोटारीचे तिखट कान

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारें साठ किलोमीटरांवर, दौंड तालुक्यांतील पाटस हें गांव लागतें. येथूनच बारामतीचा रस्ता फुटतो, आणि भीमा सहकारी साखर कारखानाहि येथेंच आहे. गाळपाचा हंगाम चालू असला म्हणजे उसानें लादलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मालमोटारी आणि पुण्याकडील मंडळींच्या चकचकीत मोटारी यांची या ठिकाणीं एकच गर्दी उसळते. चहासाठीं थांबलेली एखादी मोटार पुन्हां रस्त्यावर येण्याकरितां मागें सरूं लागली, कीं तिच्या आंतून ‘टीं टीं’ असा आवाज सुरू होतो. पाहतां पाहतां तो एकसंध होतो, मागल्या बांकावरची आजी दचकते, गाडी हांकणारे गृहस्थ करकचून ब्रेक दाबतात आणि खालीं उतरून पाहतात, तों मागें कोणी नाहीं. ट्रॉलींतून लोंबणारें उसाचें वाळकें पाचट तेवढें वाऱ्यावर हलत असतें. असा प्रसंग तिसऱ्यांदा घडला म्हणजे गृहस्थ त्या यंत्राचा शेलक्या शब्दांनीं गौरव करतात, आणि चौथ्या खेपेस कळ दाबून त्याचें तोंडच बंद करून टाकतात.

हें तोंड बंद करणें कितपत शहाणपणाचें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. त्याचें उत्तर द्यावयाचें तर हें यंत्र आलें कोठून आणि तें इतकें भित्रें कां झालें, ही हकीकत पाहिली पाहिजे.

यंत्र येण्यापूर्वीं हें काम माणूस करीत असे, आणि मालमोटारींवर कित्येक ठिकाणीं अजूनहि करतो. चालकाच्या जोडीला ‘क्लीनर’ असे. गाडी मागें घ्यावयाची झाली कीं तो टुणकन् खालीं उडी मारी, पिछाडीस उभा राहून ‘येऊं द्या, येऊं द्या’ असा पुकारा करी, आणि जागा संपली कीं फळीवर हाताची थाप मारी. एस्. टी.च्या गाडीला हीच कामगिरी कंडक्टर शिट्टीनें बजावतो. या माणसांना पाचट कोणतें आणि भिंत कोणती, हें कोणी शिकवावें लागत नसे. पाचटावरून गाडी खुशाल जाऊं द्यावी आणि रांगतें मूल दिसतांच जिवाच्या आकांतानें ओरडावें, एवढा विवेक त्या थापेंत भरलेला असे. घरच्या मोटारीला क्लीनर कोठून असणार! चिरंजिवांना खालीं उतरवावें, तर ते नेमके गाडीच्या मागेंच उभे राहावयाचे. मध्यंतरीं गाडी मागें येतांना कर्कश गाण्याचे सूर वाजविणारीं यंत्रें निघालीं. त्या सुरांचा रोख बाहेरच्या माणसांवर होता: आम्ही येत आहों, तुम्ही बाजूला व्हा! सेन्सर आला आणि ताकीद उलट दिशेनें फिरली. ती गाडी हांकणाराला मिळूं लागली. सभ्यतेच्या दृष्टीनें ही सुधारणाच म्हणावयाची.

या सेन्सरचा मूळपुरुष वटवाघूळ होय. इटलींतील लाझारो स्पालान्झानी या धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाला इ. स. १७९३ च्या सुमारास असें दिसून आलें, कीं मिट्ट काळोखांत घुबडसुद्धां गोंधळतें, वटवाघूळ मात्र खुशाल फिरतें. त्यानें वटवाघळांचे डोळे निकामी केले. प्रयोग निर्दय होता; पण तीं आंधळीं वटवाघळें अडथळे चुकवून उडतच राहिलीं. पुढें १७९४ सालीं जिनीव्हाच्या लुई ज्युरीननें त्यांचे कान बंद केले, आणि आतां मात्र तीं समोरच्या वस्तूंवर आपटूं लागलीं. म्हणजे वटवाघूळ कानांनीं पाहतें, असाच याचा अर्थ. परंतु त्याच्या उड्डाणांत मनुष्याच्या कानाला कसलाच ध्वनि येत नाहीं. मग तें ऐकतें तरी काय? या अडचणीपुढें विद्वानांची मति कुंठित झाली. क्यूव्हिएसारख्या मान्यवर पंडितानें हें सारें स्पर्शेंद्रियाचें काम ठरविलें, आणि ज्युरीनचा खरा शोध शतकाहून अधिक काळ अडगळींत पडून राहिला. मोठ्या नांवाचें वजन शास्त्रांतहि सत्याच्या पारड्यावर कसें पडतें, याचें हें एक नमुनेदार उदाहरण आहे.

मनुष्याच्या कानाला सेकंदास वीस हजार कंपनांपलीकडचा ध्वनि ऐकूं येत नाहीं. १९३८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील डोनाल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्यानें, असले ध्वनि टिपणारें जें यंत्र प्राध्यापक पिअर्स यांनीं तयार केलें होतें, त्याच्यापुढें वटवाघळें नेलीं, आणि तें ‘मुकें’ पांखरूं वस्तुतः अखंड ओरडत असतें असें आढळून आलें. ग्रिफिन व रॉबर्ट गॅलंबॉस यांच्या पुढील प्रयोगांनीं हा उलगडा पक्का झाला. वटवाघूळ हांक मारतें, प्रतिध्वनि ऐकतें आणि त्यावरून अंतर ओळखतें.

मनुष्यानें हीच युक्ति वटवाघळाचा उलगडा होण्यापूर्वींच समुद्रांत योजिली होती. क्यूरी बंधूंना १८८० सालीं असा शोध लागला होता, कीं स्फटिकावर दाब दिला म्हणजे त्यांत विद्युत् उत्पन्न होते. याच्या उलट क्रियेनें स्फटिक कांपवून पाण्यांत अतिसूक्ष्म कंपनांचा ध्वनि सोडण्याचें काम पहिल्या महायुद्धांत पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें केलें. पाणबुडी शोधणें हा त्याचा हेतु. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश आरमाराच्या नौकांवर अशीं यंत्रें बसविलेलीं असत, आणि आजच्या आपल्या तक्रारीचा उगम तेथेंच सांपडतो. देवमासा, माशांचा थवा, तळाशीं बुडालेलें जुनें जहाज, हीं सर्व त्या यंत्राला सारखींच. मात्र तेथें यंत्राला कान लावून एक कसलेला माणूस बसलेला असे. प्रतिध्वनीचा पोत आणि त्याच्या सुराचा चढउतार पारखून तो पाणबुडी ओळखी. तरीहि चुका होत, आणि बिचाऱ्या देवमाशांवर सुरुंगांचा मारा होई.

मोटारीला हा कान लाभला तो १९८२ सालीं. जपानांतील टोयोटा कंपनीनें आपल्या ‘कोरोना’ या मोटारीच्या मागें असा ध्वनिसेन्सर बसविला. पुढें उंची युरोपीय मोटारींत तो आला आणि हळूहळू मध्यम किंमतीच्या गाड्यांपर्यंत उतरला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील बाजूचा सेन्सर सक्तीचा झाला. ज्या मानकांत ही अट आहे तें मानक पुण्याच्या वेताळ टेकडीवरील, १९६६ सालीं स्थापन झालेल्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ या संस्थेनें प्रसिद्ध केलेलें आहे. पाटसला ज्या आवाजानें गृहस्थ हैराण होतात, त्याची संहिता अशी पुण्यांतूनच निघालेली! त्याच मानकान्वयें पट्टा न लावल्याची सूचना आणि ताशीं ऐंशी किलोमीटरांपलीकडे गेल्यास वाजणारी सूचना, याहि मोटारींत आल्या. सोलापूरच्या रुंद रस्त्यावर ही ऐंशीची किणकिण वाजत राहते, कान तिला सरावतात, आणि एकदां सरावलेला कान कोणत्या सूचनेला सरावला व कोणत्या नाहीं, याचा हिशेब ठेवीत बसत नाहीं.

आतां यंत्राची करणी थोडक्यांत. मागल्या बंपरमध्यें रुपयाएवढ्या आकाराच्या चार गोल टिकल्या दिसतात. प्रत्येक टिकली सेकंदास चाळीस हजारांच्या आसपास कंपनांची एक क्षणिक हांक सोडते आणि मग तीच कान होऊन प्रतिध्वनीची वाट पाहते. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. दीड मीटरावरील भिंतीचा प्रतिध्वनि सेकंदाच्या नऊ सहस्रांशांत परततो. मागें ‘कांहीं तरी’ आहे आणि तें इतक्या अंतरावर आहे, एवढेंच यावरून कळतें. तें काय आहे, हें सांगण्याची सोय त्यांत नाहीं. म्हणून टिकलीवर वाळलेला चिखल, पावसाचा ओघळ, सैल झालेली नंबरपाटी, रस्त्याकडेचें उंच गवत, या सर्वांना तें सारखाच मान देतें. मालमोटारीचे हवेचे ब्रेक सुटतांना जो फुस्कारा निघतो, त्यांत मनुष्याला ऐकूं न येणारा ध्वनीचा अंश बराच असतो. शेजारीं ट्रक थांबला कीं सेन्सरला वाटतें, आपलीच हांक परत आली. सोलापूर रस्त्यावर याचा अनुभव येण्यास वेळ लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कारखानदारांनीं याचा कान थोडा बोथट कां करूं नये? याचें उत्तर आगगाडीच्या इतिहासांत आहे. पाटसवरून जाणारा पुणें-दिकसाळ लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला. त्या जमान्यांत इंग्लंडांतील पुष्कळ मार्गांवर सिग्नलचा हात एरव्हीं ‘मार्ग मोकळा’ दाखवीत ठेवलेला असे, आणि धोका असेल तेव्हांच तो ‘थांबा’ असा करीत. २१ जानेवारी १८७६ रोजीं ॲबट्स रिप्टन या ठिकाणीं हिमवर्षाव झाला, सिग्नलांवर बर्फ साचला, आणि ते हात ‘मार्ग मोकळा’ असेंच दाखवीत गोठून गेले. एक्सप्रेस गाडी कोळशाच्या गाडीवर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर उलट दिशेनें येणारी दुसरी एक्सप्रेस. या अनर्थानंतर नियमच फिरला. सिग्नलची स्वाभाविक स्थिति ‘थांबा’ हीच ठरली. यंत्र बिघडावयाचेंच असेल तर तें ‘थांबा’ म्हणत बिघडावें, या धोरणानें सर्व रचना होऊं लागली.

मोटारीच्या सेन्सरकर्त्यांनीं हाच धडा गिरविला आहे. पाचटासाठीं दहा वेळां ओरडला तरी चालेल, पण भिंतीसमोर एकदांहि गप्प राहतां कामा नये. तत्त्व निर्दोष आहे. परंतु एक फरक त्यांत राहून गेला, आणि साऱ्या प्रकरणाची मेख तोच आहे. आगगाडीच्या चालकाला सिग्नलचा कितीहि कंटाळा आला तरी तो त्याला गप्प करूं शकत नाहीं. नोकरीची शिस्त त्याच्या मानगुटीवर असते. गृहस्थाच्या हाताशीं मात्र कळ असते. ज्या सावधपणामुळें आगगाडी सुरक्षित झाली, तोच सावधपणा मोटारींत अति झाला कीं माणसाला कळ दाबावयास लावतो, आणि मग भिंतीसमोरहि शांतताच राहते. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोरानें खोटें बोलून गांवाचा विश्वास घालविला; हें यंत्र आपल्या परीनें खरें तेंच बोलत असतें, आणि तरीहि विश्वास गमावून बसतें.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, आणि ती श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. पाचटाला ओरडणारें हें यंत्र कांहीं वस्तूंसमोर सर्वस्वीं मुकें राहूं शकतें. जाड लोंकरीचें वा गुबगुबीत वस्त्र ध्वनि शोषून घेतें. बारीक खांब अगदीं क्षीण प्रतिध्वनि देतो. बंपरच्या रेषेखालीं बसलेलें पोर त्या हांकेच्या टप्प्यांत येतेंच असें नाहीं. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्यानें २००६ सालीं असल्या यंत्रांची परीक्षा घेतली, तेव्हां मोटारीमागील माणसें, विशेषतः लहान मुलें, हेरण्याच्या कामीं तीं सामान्यतः कच्चीं ठरलीं. तेथें २००८ सालीं जो कायदा झाला, त्याला दोन वर्षांच्या एका बालकाचें नांव आहे. स्वतःच्याच घरासमोर, स्वतःच्याच बापाच्या मागें येणाऱ्या मोटारीखालीं तें सांपडलें होतें. त्या कायद्याला अनुसरून मे २०१८ पासून तेथें नव्या मोटारींना मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा आवश्यक झाला. केवळ कानावर विसंबून भागलें नाहीं, डोळाहि द्यावा लागला. तेव्हां सेन्सर ओरडला तर मागें कांहीं असेलच असें नाहीं, आणि तो गप्प राहिला म्हणून मागें कोणी नाहीं असेंहि नाहीं. पहिली गोष्ट सर्वांना कळते, कारण ती त्रास देते.

आषाढी वारींत तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसला येऊन पुढें रोटी घाट चढते. त्या दिवशीं या रस्त्यावर अडकलेल्या मोटारीचा सेन्सर मागें-पुढें होण्याचा प्रयत्न करतांच थांबण्याचें नांव घेत नाहीं. तेव्हां मात्र त्याच्यावर रागावण्याचें कारण नसतें. शहाणा चालक यंत्र बंद करतो, म्हणजे सेन्सर नव्हे, इंजिन. आणि दिंड्या पुढें जाईपर्यंत स्वस्थ बसतो.

एरव्हींचा बराचसा उपद्रव घरच्या घरीं कमी होतो. टिकल्या ओल्या फडक्यानें पुसाव्या. गाडी धुतांना जोराच्या पाण्याचा झोत अगदीं जवळून त्यांवर सोडूं नये. बंपर पुन्हां रंगविला असेल तर त्यांवर रंगाचे जाड थर बसले आहेत काय तें पाहावें. नंबरपाटी आंवळून घ्यावी. दुकानांतून मागाहून बसविलेल्या सेन्सरची टिकली कित्येकदां किंचित् खालीं झुकलेली असते, व ती रस्त्यालाच अडथळा समजून ओरडते. तिचा कोन दुकानदाराकडून सरळ करून घेतां येतो. कांहीं संचांच्या पेटींत कानाचा तिखटपणा कमीजास्त करण्याची सोय असते. ती कळ दाबण्यापूर्वीं एकदां विचारून घ्यावी.