फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, पुणे

चित्रपट व दूरचित्रवाणी या कलांचे शिक्षण देणारी भारत सरकारची संस्था. चित्रपटव्यवसायाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५१ साली सादर केलेल्या अहवालात अशा संस्थेची शिफारस होती. ती अमलात येऊन १९६० साली माहिती व नभोवाणी खात्याच्या अखत्यारीत, प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातील जागेत, ‘फिल्म इन्स्टिट्यूट’ या नावाने ही संस्था स्थापन झाली.

‘संत तुकाराम’ (१९३६) जेथे निर्माण झाला, त्या प्रभातनगरीत छायालेखक, ध्वनिमुद्रक व संकलक उमेदवारी करीत, वस्तादांच्या हाताकडे पाहत तयार होत असत. तीच विद्या त्याच आवारात अभ्यासक्रमात ग्रथित होऊन, ज्याचा या व्यवसायात कोणी आप्त नाही वा ज्याच्यापाशी वशिला नाही अशा विद्यार्थ्यासही प्रवेशपरीक्षेच्या बळावर मिळू लागली, हे या संस्थेचे सर्वांत मोठे कार्य मानले पाहिजे. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन व ध्वनिलेखन या शाखांचे विद्यार्थी अखेरीस एकत्र येऊन पदविका-चित्रपट सिद्ध करतात आणि त्यातच त्यांच्या विद्येची खरी कसोटी लागते.

परंतु हाताच्या कौशल्याइतकाच येथे दृष्टीचा संस्कार महत्त्वाचा ठरला. सतीश बहादूर यांनी एकेका दृश्याची उकल करीत चित्रपट-रसग्रहण शिकविले. १९६४ साली पुण्यातच स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः पी. के. नायर यांच्या साक्षेपी संग्रहवृत्तीमुळे, देशोदेशींचे अभिजात चित्रपट विद्यार्थ्यांना दाखविले. आणि येथे शिकविणाऱ्या ऋत्विक घटकांच्या अल्पकालीन पण प्रखर सहवासातून मणी कौल, कुमार शहानी व जॉन अब्राहम यांसारखे, रूढ व्यवसायाची वाट सोडणारे दिग्दर्शक घडले. नसीरुद्दीन शाह व ओम पुरी ज्या अभिनय-वर्गातून बाहेर पडले, तो पुढे दीर्घकाळ बंद राहिला, ही खेदाची गोष्ट होय.

दूरचित्रवाणीचा विभाग प्रथम दिल्लीत सुरू झाला व १९७४ साली पुण्यास आला. बराच काळ त्याचा भर सरकारी सेवकांच्या तालमीवरच होता.

व्यवसायशिक्षणाखेरीज चित्रपटाचा विद्यापीठीय अभ्यासही देशात सुरू झाला; जादवपूर विद्यापीठाने १९९३ साली चित्रपट-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग काढल्यावर हा विषय इतिहास-वाङ्मयाच्या पंक्तीस बसला. पुण्याची संस्था मात्र मुख्यत्वे पदविकाच देत राहिली. २०२५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर पदवी व संशोधन यांची वाट तिलाही मोकळी झाली.