पोवळ्यावरचे अंकुर

पोवळे आपल्या घराण्यांत आले ते दागिना म्हणून. नवरत्नांत त्याला स्थान मिळाले, मंगळाच्या शांतीसाठी ते बोटात घातले गेले. पण मुळात ते दगड, झाड की जीव, हे विचारण्याची गरज क्वचितच कोणाला भासली.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमध्य समुद्रातील लाल पोवळी गोव्यास येत. इटलीतील लिव्होर्नो येथील एर्गास व सिल्वेरा ही यहुदी पेढी लिस्बनमार्गे ती धाडी आणि बदल्यात हिरे मागवी. गोव्याच्या बाजूने हा व्यवहार पाहणाऱ्यांत सारस्वत कामत होते, पोर्तुगीज कागदांतले ‘कामोतीं’. धर्म वेगळे, मुलूख वेगळे, आणि सारा भरवसा पत्रांवर! मोरजी मात्र त्या वेळी पोर्तुगिजांच्या अमलाबाहेर होती. पेडणे महाल त्यांच्या हाती गेला तो 1788 साली.

हा व्यापार भरात असतानाच, जिथून पोवळी येत त्याच समुद्राकाठी त्यांच्या जातकुळीचा वाद पेटला होता. मार्सिली या इटालियन सरदाराने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी ‘फुले’ उमललेली त्याला दिसली. पोवळे ही वनस्पतीच, असा निर्वाळा त्याने दिला. मार्सेयच्या पेसोनेल या वैद्याने 1720 नंतरच्या दशकात तीच फुले पाहिली आणि ते प्राणी आहेत असे कळविले. पॅरिसच्या विद्वत्सभेत रेओम्यूरने ते मत मांडले खरे, पण पेसोनेलचे नाव झाकून. त्याची अब्रू जाऊ नये म्हणून! पुढे ट्राँब्लेने गोड्या पाण्यातील हायड्रा कापून त्याच्या तुकड्यांतून नवे जीव वाढताना दाखविले, तेव्हा कोठे रेओम्यूरने 1742 साली पेसोनेलचे म्हणणे मान्य केले.

फुल की प्राणी, हे कोडे सुटले. त्यावर उगवलेले काय, हे कोडे उरलेच. ‘फंजिया’ या प्रवाळाचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात रोयणीवरची अळमी आपण खुडतो, तिच्या छत्रीखालची पाती वर करून ठेवावीत तसा हा दिसतो. प्रौढ फंजिया तळाला चिकटलेला नसतो. मग तो वाढतो कसा? सॅम्युएल स्टचबरीने 1830 साली उलगडा केला: पिल्लू आधी देठावर बसलेले असते, त्याची चकती रुंदावते आणि एके दिवशी देठापासून सुटते. जुन्या, अर्धमेल्या चकतीवरही अशी देठाची पिल्ले फुटतात.

मोरजीसारख्या किनाऱ्यावरील एखाद्या घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी असेल, तर हीच गोष्ट ‘रोग’ म्हणून समोर येते. गाठीच्या मध्यभागी तोंडाची चीर आणि भोवती किरणांसारखी पाती असतील, तर ते अपत्य समजावे. सांगाडा नसलेली मऊ ‘अळंबी’ ही फंजियाची दूरची नातलग. ती सरकताना तळव्याचे तुकडे मागे सोडते आणि त्यांतून नवी चकती होते. उलट, तांबूस चपटे ठिपके हळूहळू जागा बदलत असतील तर ते चपटे कृमी होत. लांब शुंडकांचा, शिवताच आत ओढला जाणारा पारदर्शक जीव बहुधा समुद्रफुलाच्या जातीचा असतो, आणि तो शेजाऱ्याला डंख करतो. खरवडण्याची घाई करू नये. काही आठवडे रोज त्याच जागी पाहावे. मार्सिली आणि पेसोनेल यांच्या डोळ्यांपुढे दृश्य एकच होते, हे विसरता येत नाही.

मोरजीच्या वाळूत कासवे अंडी घालतात, प्रवाळ नाही. ते दक्षिणेस ग्रँड बेटाजवळ आणि उत्तरेस मालवणला आहे. 2001 साली दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. तेव्हापासून जिवंत फंजिया समुद्रातून उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे, मग त्यावर काही उगवलेले असो वा नसो.