लंबगोल चित्रांची वंशावळ

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत इंग्लंडमधील मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांतून जी लहानशी लंबगोल रंगीत चित्रे शोभत असत, आणि ज्यांत झोपडीच्या दारातली आजी, कुरणात खेळणारी पोरे अशा भावमधुर ग्रामजीवनाची आराधना असे, त्यांपैकी ले ब्लाँड यांच्या छापखान्याची बत्तीस चित्रे आजही संग्राहकांच्या जिवाला ओढ लावतात. अशा रंगीत छपाईची १८३५ ची सनद मुद्रक जॉर्ज बॅक्स्टरची होती, १८४९ मध्ये तिची मुदत पाच वर्षांनी वाढताच त्याने इतरांस परवाने दिले आणि ले ब्लाँड त्यांतलेच एक, ही हकीकत सर्वश्रुत आहे. खरा वाद आहे तो बॅक्स्टरच्या युक्तीचे मूळ पुरुष कोण, याविषयी.

नामसादृश्याला भुलून अठराव्या शतकातील याकोब ले ब्लाँकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. परंतु त्याची त्रिरंगी छपाई सर्वस्वी धातुपत्र्यांवर आधारलेली, तीत लाकडी ठशांना थाराच नव्हता. दुसरा पक्ष विल्यम सॅव्हेजचा. त्याचा १८२२ चा ग्रंथ रंगीत छपाईची मौलिक सनद खरा, पण त्याचा भर लाकडी ठशांवर. बॅक्स्टरचे मर्म या दोहोंच्या विवाहात आहे: प्रथम खोदीव धातुपत्र्यावरून रेषा व छाया छापावयाच्या, मग एकेका रंगासाठी उठावाचा स्वतंत्र ठसा तैलरंगात उमटवावयाचा, आणि असे ठसे कधी वीसपर्यंतही जात. हा विवाह एलिशा कर्कॉल या खोदकाराने १७२० नंतरच्या दशकातच लावला होता. म्हणून माझ्या मते बॅक्स्टरचा खरा पूर्वज तोच. आणि ल्यूइस येथील मुद्रक-प्रकाशकाच्या घरात जन्मलेल्या बॅक्स्टरच्या हाती असे जुने मुद्रित चित्र पडले नसेल, हे मानणेच मला अधिक कठीण वाटते. तथापि कर्कॉलच्या मोजक्या छटांतून संपूर्ण तैलचित्राचा आभास निर्माण करण्याचे श्रेय बॅक्स्टरचेच.

माझ्या मताला एक बळकट पुरावा बॅक्स्टरच्या मृत्यूनंतर मिळाला. १८६७ मध्ये तो निवर्तला, आणि पुढच्याच वर्षी ले ब्लाँडने त्याचे धातुपत्रे विकत घेऊन कमी ठशांत चित्रे पुन्हा छापली. भिंगातून मूळ प्रत व पुनर्मुद्रण शेजारी ठेवून पाहिले, तर रेषा तीच, पण रंग मात्र क्षीण दिसतात. धातुपत्रा आणि रंगाचे ठसे या दोन घराण्यांचा संकर नसता, तर एकाचे तेज असे अबाधित राहून दुसऱ्याचे उतरलेच नसते.