हॅम रेडिओ : नाशिकमध्ये हा छंद सुरू करायचा तर

गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढले हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढ्यावर सगळ्या शहराला अंदाज येतो. पंचवटीतली ही बातमी सिडको-सातपूरला पोहोचते ती मात्र मोबाइलवरून. मोबाइलचा टॉवर वीज आणि केबल यांवर जगतो. वीज बराच वेळ गेली, केबल तुटली किंवा पर्वणीच्या गर्दीत एकाच टॉवरवर हजारो फोन एकदम तुटून पडले, की हातातला महागडा फोन फक्त घड्याळ म्हणून उरतो.

मध्ये कुठलाही टॉवर, कंपनी किंवा इंटरनेट न ठेवता एका संचावरून थेट दुसऱ्या संचाशी बोलण्याचा जो जगभर मान्य छंद आहे, त्याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात. त्यासाठी सर्व देशांनी काही रेडिओ लहरी राखून ठेवल्या आहेत. सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला परवाना आणि स्वतःचे संकेतनाम मिळते. या लहरींवर धंदा करता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत आणि गुप्त सांकेतिक भाषेत बोलता येत नाही. बोलणे कोणीही ऐकू शकते, हे गृहीत धरूनच बोलायचे असते.

वॉकीटॉकी विकत घेतली की झाले?

बहुतेकांची गल्लत इथेच होते. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये जीएमआरएस नावाची सेवा दिसते. ती ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिच्यासाठी परीक्षा नसते. शुल्क भरले की एका परवान्यावर सगळे कुटुंब दहा वर्षे बोलू शकते. हे ऐकायला छान वाटते, पण ही सेवा भारतात नाही. अमेरिकेतल्या भावाने सुट्टीत येताना आणलेली जीएमआरएस जोडी नाशिकमध्ये चालू करणे बेकायदा आहे. हॅम परवाना असला तरीही तिला मुभा नाही, कारण भारतात हौशी रेडिओसाठीचे पट्टे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असे आहेत. ४६२ त्यांच्या बाहेर पडतो आणि तिथे दुसऱ्याच कोणाची अधिकृत यंत्रणा चालू असू शकते.

परवान्याशिवाय भारतात काय वापरता येते? २७ मेगाहर्ट्झजवळचा सिटिझन बँड आणि ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा. दोन्हींना शक्तीची मर्यादा आहे आणि संच मान्यताप्राप्त असावा लागतो. गडावर जाणाऱ्या गटाला पुढच्या-मागच्या लोकांशी बोलायला एवढे पुरते. ऑनलाइन दुकानांत स्वस्तात मिळणारे चिनी संच मात्र कोणत्याही लहरीवर लावता येतात आणि विक्रेता परवाना विचारत नाही. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वस्तू दुकानात मिळते म्हणजे वापरायला परवानगी आहे, ही समजूत इथे महागात पडते.

परीक्षा आणि परवाना

परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन ही शाखा देते. अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. वयाची किमान अट १२ वर्षे आहे, त्यामुळे सातवीतले मूल आणि निवृत्त आजोबा एकाच बाकावर परीक्षेला बसू शकतात. नाशिककरांना परीक्षेसाठी मुंबई सोयीची.

दर्जे दोन आहेत. रिस्ट्रिक्टेड दर्जासाठी विद्युत व रेडिओशास्त्राची मूलतत्त्वे आणि नियम एवढाच अभ्यास असतो. जनरल दर्जासाठी प्रश्न अधिक खोल असतात आणि मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स संकेत पाठवता व उतरवून घेता यावे लागतात. रिस्ट्रिक्टेडवाल्याचे संकेतनाम व्हीयू३ने आणि जनरलवाल्याचे व्हीयू२ने सुरू होते. पहिल्याला ५० वॅटपर्यंत, तर दुसऱ्याला ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. शुल्क २० वर्षांसाठी १,००० रुपये आणि आजीवन २,००० रुपये असे ठरलेले होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर नियमांची फेररचना सुरू असल्याने अर्जाच्या दिवशी पोर्टलवर एकदा पाहून घ्यावे. बारावी विज्ञान झालेल्याला रिस्ट्रिक्टेडचा अभ्यास जड जात नाही. ओहमचा नियम विसरलेल्याला महिना-दीड महिना द्यावा लागतो. वेळ खरा जातो तो अर्जाची छाननी आणि परवाना हाती येणे यात, म्हणून घाई असणाऱ्याने आधी अर्ज करावा.

डोंगरांचा जिल्हा

नाशिकमध्ये या छंदाची मजा आणि अडचण दोन्ही भूगोलातून येतात. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. सपाट मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या दोन माणसांच्या हातातल्या संचांना हिशेबाने १० किलोमीटर मिळायला हवेत. प्रत्यक्षात इमारतींच्या गर्दीत दोन-तीन मिळाले तरी पुष्कळ. उंचीचे वर्गमूळ जसे वाढते तसे हे अंतर वाढते. आसपासच्या प्रदेशापेक्षा हजार मीटर उंच असलेल्या जागेवरून क्षितिजच १३० किलोमीटरवर जाते. म्हणून १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर पाच वॅटचा संच घेऊन चढलेला हॅम नाशिकशी सहज बोलतो आणि मध्ये डोंगर आडवा आला नाही तर त्याला मुंबई-पुण्याची आशाही धरता येते. पांडवलेणीच्या टेकडीवर चढूनही शहराच्या रस्त्यावरचा आणि उंचावरचा फरक कानाला कळतो.

उलट त्र्यंबकच्या कुशीत, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उभे राहिले की तोच संच मुका होतो. तिथे सात मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटरचा पट्टा कामाला येतो. या लहरी वातावरणाच्या आयनांबरावर आदळून परत येतात. अँटेनाची तार जमिनीपासून चार-पाच मीटरवरच ताणली, तर लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि छत्रीसारखी खाली येते. डोंगर तिच्या वाटेतच येत नाही. दिवसा अशा तारेवरून पुणे, संभाजीनगर, कोल्हापूर इतक्या अंतरावर बोलणे होते. रात्री आयनांबर बदलते. जवळची स्थानके विरतात आणि दूरची, कधी परदेशातलीही, ऐकू येऊ लागतात.

त्यासाठीची अँटेना घरी बनते. १४३ला मेगाहर्ट्झने भागले की डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर साधी तांब्याची तार. १४५साठी एक मीटरही लागत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची खरी परीक्षा दिल्लीची शाखा नव्हे, सोसायटीचे सेक्रेटरी घेतात. गच्चीवर तार बांधण्याआधी परवाना दाखवून लेखी परवानगी घ्यावी, आणि वळवाच्या विजांच्या दिवसांत केबल संचापासून सोडवून ठेवावी.

आधी ऐकावे

जुने हॅम नवख्याला पहिले सांगतात ते ऐकायला. परवाना येईपर्यंत इंटरनेटवरच्या वेबएसडीआर रिसीव्हरांवरून जगभरचे हॅम ऐकता येतात. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातला असा रिसीव्हर प्रसिद्ध आहे. ‘सीक्यू’ म्हणजे कोणीही उत्तर द्या, ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण आणि ‘सेव्हंटी-थ्री’ म्हणजे शुभेच्छा, हे आठवड्याभरात अंगवळणी पडते. परवानाधारकाच्या घरी जाऊन १४५.८०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ऐकणे हा मुलांसाठी न विसरण्याजोगा प्रसंग असतो. स्थानक डोक्यावरून दहा मिनिटांत निघून जाते आणि तेवढ्यात लहर किंचित सरकत राहते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभरही वजन नसलेला ‘स्वयम्’ उपग्रह जून २०१६ मध्ये इस्रोने सोडला, तोही हॅम लहरींवर संदेश देण्याघेण्यासाठीच.

संकटाच्या वेळी

महाराष्ट्राने या छंदाचे मोल ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात पाहिले. बाहेरून गेलेल्या हॅमनी तेव्हा तिथून संदेश पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या गटासह हौशी प्रसारणासाठी अंदमानात असताना त्सुनामी आली. छंदासाठी नेलेल्या त्याच संचांवरून बेटांवरची ख्यालीखुशाली मुख्य भूमीला कळत राहिली. त्याआधीची एक गोष्ट मुंबईची आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हॅम परवाने रद्द केले. १९४२ मध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्याचा प्रक्षेपक उभा करणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओवालेच होते.

नाशिकमध्ये २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभाच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नाने पुन्हा आहेत. अशा गर्दीत हॅमचा उपयोग व्हायचा असेल तर ऐनवेळी संच घेऊन रामकुंडावर जाऊन चालत नाही. कोणत्या घाटावर कोण, कोणती लहर, निरोप कोणाला द्यायचा, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेशी आधी ठरवावे लागते आणि दोन-तीनदा रंगीत तालीम करावी लागते. एरवी इतरांचे निरोप पोहोचवणे हॅमला निषिद्ध असते. आपत्तीत प्रशासनासाठी ते करता येते. मात्र त्या दिवशी हातात संच असलेल्या प्रत्येकाकडे स्वतःच्या नावाचा परवाना असावा लागतो.